कारटेपची श्रुती

तंजावरहून तिरुवैयारुला जाणारा रस्ता अवघा तेरा किलोमीटरचा, पण तेवढ्यात पाच नद्या ओलांडाव्या लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. तमिळमध्ये ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. गावाचं नाव तिथूनच आलं. काही वर्षांपूर्वी, पौष वद्य पंचमीच्या आदल्या दिवशी, मी या रस्त्याने एका जुन्या स्पोर्ट्‌स कारमधून चाललो होतो. दोनच आसनं, कापडी टप, तोही मागे दुमडलेला. गाडी माझ्या तंजावरी मराठी स्नेह्याची. त्याच्या घरात अजून तंजावरची मराठी बोलली जाते आणि गाणं ऐकलं जातं ते त्यागराजांचं. डॅशबोर्डातल्या कारटेपवर पंचरत्न कृतींची कॅसेट लागली होती. दुसऱ्या पुलावर त्याने मान जराशी तिरकी केली. तिसरा पूल संपता संपता म्हणाला, ‘‘श्रुती उतरली.’’

मला काहीही जाणवलं नव्हतं. त्याने गाडी झाडाखाली घेतली, फोनवर तंबोऱ्याचा सूर लावला आणि दोन्ही एकत्र ऐकवलं. गायिकेचा षड्ज ‘पाच कट्टै’वर हवा होता. कट्टै म्हणजे आपल्या पेटीची पट्टी. मराठी पेटीवाल्याची पांढरी पाच तीच इथली पाच कट्टै. पण टेपमधला षड्ज पाच आणि साडेचारच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत होता. अशा सुराला कुठलीच पेटी साथ देऊ शकत नाही.

जुन्या गाडीतल्या स्टीरिओबद्दल मी वाचलेल्या सगळ्या माहितीपेक्षा त्या दहा मिनिटांनी मला जास्त शिकवलं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडसमोरून सरकायला हवी. हा वेग सहा टक्क्यांनी घटला की गाणं जवळजवळ नेमकं एक पट्टी खाली येतं. पांढरी पाचचं गाणं काळी तीनवर वाजतं. तीन टक्क्यांनी घटला तर ते दोन पट्ट्यांच्या फटीत अडकतं. चाल तीच, शब्द तेच, तालही कानाला ठीक वाटतो. म्हणून बहुतेक मालकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही आणि ‘आवाज पूर्वीसारखा खुलत नाही’ म्हणून एक दिवस ते अख्खा टेप काढून टाकतात. दोष असतो तो एका साध्या रबरी पट्ट्याचा.

कारटेपच्या आत एक छोटी मोटर असते आणि ती रबरी पट्ट्याने एक जड चाक फिरवते. त्या चाकाचा दांडा आणि त्याच्यावर टेकलेला रबरी रोलर मिळून फीत ओढतात. वीस-तीस वर्षांत रबर सैल होतं. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत तर ते वितळून डांबरासारखं चिकट होतं. टप उघडा असला की डॅशबोर्ड थेट उन्हात भाजतो. सैल पट्टा थंडीत कसाबसा पकड धरतो आणि गाडी तापली की निसटू लागतो. म्हणूनच तंजावर सोडताना गाणं सुरात होतं आणि वेट्टारुपर्यंत उतरलं.

दुरुस्तीला लागणारी हत्यारं घरातली. टेप बाहेर काढून वरचा पत्रा उघडा. पट्टा चिकट झाला असेल तर त्याचा लगदा कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. पुलीच्या खाचेत कणभरही राहिला तर प्रत्येक फेरीला सूर डचमळेल. नवा पट्टा घेताना जुन्याची लांबी मोजू नका, तो ताणलेला असतो. सगळ्या पुल्यांभोवती दोरा फिरवून मार्ग मोजा आणि त्याहून साधारण पाच टक्के आखूड पट्टा घ्या. रोलरचं रबर काचेसारखं चकचकीत झालं असेल तर तोही बदला. मग हेड पुसा; त्याच्यावर फितीची तपकिरी भुकटी बसली की सर्वात आधी वरचे बारीक सूर मरतात, झांजांचे आणि व्हायोलिनच्या गजाच्या घासणीचे.

शेवटी वेग जुळवायचा. त्यासाठी ३१५० हर्ट्‌झचा एकच सूर भरलेली चाचणी कॅसेट मिळते. ती लावा आणि फोनवरच्या सुरमापकात आकडा वाचा. ३०५५ दिसला तर टेप तीन टक्के मंद आहे. बऱ्याच मोटरींच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत वेगाचा इस्क्रू. तो केसभर फिरवला तरी आकडा हलतो. गाडी सुरू करून, म्हणजे बॅटरीवर चौदा व्होल्टच्या आसपास दाब असताना, आणि टेप अर्धा तास वाजून गरम झाल्यावर हे काम करावं. थंड टेपवर जुळवलेली श्रुती रस्त्यावर टिकत नाही.

पट्टा सोडला तर जुन्या टेपची बाकीची दुखणीही बहुतेक ठरलेली असतात. आवाजाची कळ फिरवताना खरखर आली तर कळीच्या आतली कार्बनची पट्टी मळलेली असते. काँटॅक्ट क्लीनरची एक फवारणी पुरते. सतत घुमणारा हम आणि दबलेला आवाज म्हणजे कंडेन्सर वाळले. ते सोल्डर करून बदलता येतात. एकच बाजू बंद असेल तर आधी स्पीकर आणि त्याची तार तपासावी, मग आयसीला हात लावावा. तंजावर वीणा पाहिलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. तिचे चोवीस पडदे मेणात बसवलेले असतात. मेण जुनं झालं की सूर हलतो, मग कारागीर ते काढून पडदे कानाने पुन्हा बसवतो. फणसाच्या लाकडाची काया तशीच राहते.

म्हणून माझं मत सरळ आहे. टेप गाडीच्या काळातला असेल आणि त्याचं तोंड, म्हणजे कळा, काच आणि बटणं, शाबूत असेल, तर तो आधी दुरुस्त करावा. बदलायचा विचार त्यानंतरचा. अशा टेपला आज किंमतही आहे. जर्मन बेकर कंपनीचा मेक्सिको हा १९५० च्या दशकातला रेडिओ आपोआप स्टेशन शोधायचा. त्या काळच्या गाडीत तो जागेवर असला की गाडी पूर्ण वाटते. फोनवरचं गाणं ऐकायचं असेल तर दोन सोपे मार्ग आहेत. कॅसेटच्या आकाराचा जोडतुकडा मिळतो, तो टेपमध्ये सरकवला की फोनचा आवाज थेट हेडमध्ये उतरतो. नाहीतर जाणकार कारागीर रेडिओच्या आवाजाच्या कळीपाशी एक जादा तार सोडून देतो; बाहेरून काही दिसत नाही आणि रेडिओ फोनही वाजवतो.

बदलायची वेळ आलीच तर पहिला प्रश्न मापाचा. १९८० च्या दशकापासूनच्या बऱ्याच गाड्यांत टेपची खाच जर्मन मानकाची, सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. त्याआधीच्या गाड्यांत दोन दांड्यांवर बसणारा रेडिओ असायचा: डावीकडे आवाज, उजवीकडे स्टेशन, मध्ये काच. अशा डॅशबोर्डात नवा टेप बसवायला मेकॅनिक सर्रास करवत चालवतात. माझी हात जोडून विनंती आहे, ते होऊ देऊ नका. कापलेला डॅशबोर्ड परत जुळत नाही. दोन दांड्यांचे, जुन्या चेहऱ्याचे आणि आत ब्लूटूथ असलेले रेडिओ आता मिळतात. खुद्द पोर्शने २०२० मध्ये आपल्या जुन्या ९११ गाड्यांसाठी असा संच काढला, दोन गोल कळा आणि मध्ये छोटा स्पर्शपडदा. ब्लाउपुंक्टनेही जुन्या ब्रेमेन रेडिओच्या चेहऱ्याचा नवा संच आणला. तेवढा खर्च झेपत नसेल तर छोटा अँप्लिफायर आसनामागे लपवावा आणि जुना रेडिओ बंद का होईना, जागेवर ठेवावा.

यापुढचा भाग विजेचा आणि तो सावकाश वाचावा, कारण गाडी जळण्याचं भय इथेच आहे.

आजच्या गाडीत बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं असतं. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या कित्येक ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमध्ये धन टोक बॉडीला असायचं. एमजी बीची ही रचना १९६७ च्या सुमारास बदलली. अशा गाडीत नव्या टेपचा पत्रा डॅशबोर्डाला टेकला की थेट शॉर्ट. टेप बसवण्याआधी बॉनेट उघडून बॅटरीची कोणती तार बॉडीकडे जाते ते डोळ्यांनी पाहावं. कागदपत्रांवर विसंबू नये, मधल्या मालकाने फिरवाफिरव केलेली असू शकते.

दुसरा सापळा स्पीकरच्या तारेत. जुन्या रेडिओत स्पीकरकडे एकच तार जायची आणि दुसरं टोक बॉडीला लावलेलं असायचं. नव्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा अँप्लिफायरमधून येतात आणि दोन्हींवर निम्मा व्होल्टेज असतो. त्यातली एक बॉडीला लागली की आउटपुटचा आयसी जातो. जुन्याच तारांवर नवा टेप जोडणारे ऑटो इलेक्ट्रिशियन हीच चूक सर्वात जास्त करतात. प्रत्येक स्पीकरला दोन नव्या तारा ओढाव्यात, हा एकच उपाय. रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत: पांढरा पुढचा डावा, करडा पुढचा उजवा, हिरवा मागचा डावा, जांभळा मागचा उजवा, काळी रेघ असेल ती तार ऋण. विजेच्या तारांत पिवळी कायम बॅटरीवर, लाल किल्लीवर, काळी बॉडीला. पिवळ्या तारेचा फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, टेपच्या जवळ नव्हे. मधली तार कुठे घासली तर तोच गाडी वाचवतो.

पिवळी तार टेपच्या आठवणीसाठी रात्रंदिवस थोडा करंट घेत असते. समजा वीस मिलिअँपिअर. दिवसाला अर्धा अँपिअर-तास होतो. जुनी गाडी दीर्घकाळ नुसती उभी ठेवणाऱ्याची चाळीस अँपिअर-तासाची बॅटरी एवढ्याने चाळीस दिवसांत निम्मी उतरते. पिवळ्या तारेत एक छोटा स्विच घालून ठेवला की झालं.

खोक्यावरच्या ‘पन्नास वॅट गुणिले चार’ या आकड्याला भुलू नये. गाडीचा दाब १४.४ व्होल्ट आणि स्पीकर चार ओहमचा असेल, तर टेपच्या आतला अँप्लिफायर हिशेबाने फार तर पंचवीस-सव्वीस वॅट देऊ शकतो आणि प्रत्यक्षात वीसच्या आसपास. उघड्या गाडीत तेवढेही पुरतात, स्पीकर चांगले असतील तर. जुन्या ब्रिटिश गाडीत आल्टरनेटर नसून डायनामो असेल तर मोठ्या अँप्लिफायरचा हट्ट धरूच नये. लुकासचा प्रसिद्ध सी ४० डायनामो सगळा मिळून बावीस अँपिअर देतो आणि रात्री दिवेच त्यातला मोठा वाटा खातात.

आता गोव्याची गोष्ट. आपल्या देशात बनलेली दोन आसनांची उघडी स्पोर्ट्‌स कार म्हटली की सॅन स्टॉर्म आठवते. १९९८ मध्ये आलेली, गोव्यात बनलेली, रेनोच्या १.२ लिटर इंजिनाची छोटी गाडी. तिची काया फायबरग्लासची. दमट खाऱ्या हवेत हे वरदानच, पत्रा गंजायची भीती नाही. पण स्टीरिओ बसवणाऱ्याला अशा गाडीत सगळं नव्याने शिकावं लागतं, कारण फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. ‘काळी तार बॉडीला’ हा सल्ला इथे निरुपयोगी. टेपची, अँप्लिफायरची आणि अँटेनाची अर्थ तार थेट खालच्या पोलादी सांगाड्यापर्यंत किंवा बॅटरीपर्यंत न्यावी लागते. सगळ्या अर्थ तारा एकाच ठिकाणी आणल्या तर उत्तम. नाहीतर इंजिनाचा वेग वाढेल तशी वर चढणारी आल्टरनेटरची शीळ स्पीकरमधून ऐकू येते.

दुसरी अडचण रेडिओची. पत्र्याची गाडी अँटेनाला पायाखालची जमीन पुरवते आणि इंजिनातल्या ठिणग्यांचा गोंगाट आडवते. फायबरग्लास यातलं काहीच करत नाही. अमेरिकेच्या शेवरले कॉर्व्हेटला १९५३ पासून हाच प्रश्न होता. पहिल्या कॉर्व्हेटमध्ये अँटेना म्हणून डिकीच्या झाकणाच्या फायबरग्लासमध्ये तारेची जाळी पुरली होती. पुढे रेडिओ घेणाऱ्यांच्या गाड्यांत ठिणगीच्या भागांवर धातूची झाकणं बसवायचे. आपण हेच स्वस्तात करू शकतो. अँटेनाच्या बुडाखाली आतून पातळ धातूचा पत्रा किंवा जाळी लावून ती सांगाड्याला जोडावी, प्लग रोधक असलेले घ्यावेत, आणि रेडिओची तार इंजिनच्या तारांपासून दूर ठेवावी.

तिरुवैयारुच्या वाटेवर रेडिओला वेगळं महत्त्व आहे. त्यागराजांनी ६ जानेवारी १८४७ रोजी इथे देह ठेवला. कावेरीकाठच्या त्यांच्या समाधीवरचं मंदिर १९२० च्या दशकात गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी उभारलं, तेही अशा काळात की स्त्रियांना तिथे गायलाही मज्जाव होता. आज त्यांच्या पुण्यतिथीच्या आराधनेत, पौष वद्य पंचमीच्या सकाळी, शेकडो गायक-वादक तिथे एकत्र बसून नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री रागांतल्या त्यांच्या पाच पंचरत्न कृती गातात, आणि आकाशवाणी ते थेट ऐकवते. तिरुचिरापल्लीचं मध्यमलहरी केंद्र ९३६ किलोहर्ट्‌झवर आहे. त्या लहरीची लांबी सुमारे ३२० मीटर, तिचा चौथा हिस्सा ८० मीटर. गाडीचा अँटेना एक मीटरसुद्धा नसतो. एवढ्याशा काठीने ती लहर पकडायची तर तारेतला प्रत्येक तपशील महत्त्वाचा ठरतो. गाडीच्या अँटेनाची तार आतून जवळजवळ पोकळ आणि केसासारख्या बारीक तारेची असते, कारण जाड तार मिळालेला सगळा संदेश वाटेतच गिळते. ती तुटली म्हणून टीव्हीची केबल जोडली की मध्यमलहरी मुकी होते. एफएम मात्र चालू राहतं, कारण त्याची लहर तीनच मीटरची आणि काठी तिच्या चौथ्या हिश्शाएवढी असते. जुन्या रेडिओच्या अँटेनाच्या भोकाजवळ एक बारीक इस्क्रू दिसेल. नवा अँटेना लावल्यावर एखादं क्षीण स्टेशन लावावं आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो हळूहळू फिरवावा. हे काम विसरल्यामुळे किती चांगले रेडिओ ‘काही पकडत नाही’ म्हणून भंगारात गेले असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

स्पीकरबद्दल थोडकंच. कागदी शंकूच्या कडेची फोमची किनार दमट हवेत कुजते. शंकू शाबूत असेल तर फक्त किनार नवी चिकटवता येते. उघड्या गाडीत वारा सर्वांत आधी खालचे सूर गिळतो, म्हणजे तंबोरा आणि मृदंगाचा डावा हात. ते परत मिळवायला मोठा वूफर कामाचा नाही. स्पीकरच्या मागचा दरवाजा बंद पेटीसारखा घट्ट करावा, आतली भोकं बुजवावीत, पत्रा थरथरत असेल तर त्यावर डांबरी चादर चिकटवावी.

आवाज उशिरा पोचला की काय होतं ते कळायला तिरुवैयारुच्या ऐयारप्पर मंदिरात जावं. तिथल्या प्राकारात एका ठरावीक जागी उभं राहून हाक मारली की ती सात वेळा परत येते, असं सांगतात. लोक रांगेने हाका मारत असतात. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला साधारण सेकंदाचा विसावा हिस्सा मध्ये जावा लागतो, म्हणजे ध्वनीने सतराएक मीटर जादा चालावं लागतं. गाडीत अंतरं हाताएवढी, तिथे प्रतिध्वनी होत नाही. पण चालकाचा उजवा स्पीकर त्याच्यापासून ८० सेंटिमीटरवर आणि डावा १४० सेंटिमीटरवर असेल, तर डावा आवाज पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्याने गायिका मधोमध न बसता उजव्या दारात सरकते. आजच्या टेपमध्ये जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावायची सोय असते. मोजपट्टीने अंतरं मोजून आकडे भरावेत. जुना टेप ठेवला असेल तर बॅलन्सची कळ थोडी डावीकडे फिरवावी, निम्मं काम होतं.

स्नेह्याने टेप बदलला नाही. आराधना झाल्यावर दोन दिवसांनी आम्ही त्याच्या अंगणात वर्तमानपत्र पसरून तो उघडला. जुना पट्टा बोटाला चिकटला आणि तुटला. दोऱ्याने मार्ग मोजून नवा आणला, अर्धा तास गाडी चालू ठेवून वेग जुळवला. सुरमापक ३१४८ वर स्थिरावला. संध्याकाळी पुन्हा तिरुवैयारुच्या वाटेला लागलो. फोनवर पाच कट्टैचा तंबोरा, डॅशबोर्डात तीच कॅसेट. वडवारु गेली, वेण्णारु गेली. वेट्टारुच्या पुलावर त्याने मान तिरकी केली आणि मी श्वास धरला. मग त्याने हात लांब करून फोनचा तंबोरा बंद केला, आणि कावेरी येईपर्यंत आम्ही नुसती कॅसेट ऐकली.